बुधवारचा उपास

मी एका उपाशी बाईला रोज नवा उपास शोधून देत होतो, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

एकोडीच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि टेबलाच्या खणात पंचांग बाळगायचो. शिवणाच्या बाई मधल्या सुट्टीत आमच्यासोबत डबा खायला बसत. म्हणजे आम्ही खात असू, त्या बसत. वय पंचविशीचं, लग्न व्हायचं होतं. कुणी भाजी पुढे केली की डब्यावर तळहात आडवा धरून म्हणत, "आज माहा उपास हाये."

सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या दिवशी विचारत, "गुर्जी, आज काय हाये?" मी लगेच संकष्टी नाहीतर प्रदोष काढून द्यायचो. बुधवार तेवढा अडायचा. एकदा बुधाष्टमी सापडली, तेव्हा आनंदाने मी सगळ्या मास्तरांना चहा पाजला.

तुम्हाला एव्हाना शंका आली असती. भर वैशाखात त्या अंगावर शाल घेऊन येत. मला वाटलं, मर्यादा. केस विरळ झाले. मला वाटलं, तेल बदललं असेल. उपासाचा साबुदाणासुद्धा शिपायाला देऊन टाकत. मला वाटलं, काय हा दानधर्म!

एका दुपारी त्या मशीनवरच कोसळल्या. जीपने भंडाऱ्याला नेलं. कधीपासून जेवत नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर मी कौतुकाने सगळी व्रतं म्हणून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, हा उपास नाही, आजार आहे. हिला अन्नाचीच धास्ती बसलीय. नाडी इतकी मंद आहे, की हृदय कधीही थांबेल.

बाई शाळेत परतल्या त्या दिवशी मी शहाणपणा केला. पंचांग घरी ठेवून आलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आज काहीच नाही. जेवा."

त्यांनी डबा उघडला. भाताचा घास केला. तो हातातच राहिला.

"मले भूक लागते, गुर्जी," त्या हळूच म्हणाल्या. "पण घास तोंडाशी नेला का भेव वाटते. उपास म्हटलं का कोणी काही विचारत नाही. आता आईले काय सांगू?"

ज्या आडोशाला मी वर्षभर कूड घालत होतो, तोच एका दमात मोडून ठेवला होता. घास डब्यात परत गेला.

पुढे आईने त्यांना नागपूरला मामाकडे नेलं, मोठ्या दवाखान्यात दाखवायला. शाळेत मशीनवर दुसऱ्या बाई आल्या. दिवाळीत मी नागपूरला भेटायला गेलो. दारातून दिसलं, त्या पेजेची वाटी समोर घेऊन बसल्या होत्या. चार घास गेले, असं आईने कुजबुजत सांगितलं. मी चपला काढल्या, तशी ती माउली उंबऱ्यात आडवी आली.

"तुमी इथूनच वापस जा, गुर्जी. तुमाले पाहिलं का तिले उपासच आठवते."