भुताच्या मिरचीचं बी

माझा भाऊ मिलिटरीत. आसामातून सुट्टीवर आला तेव्हा कागदाच्या पुडीत अकरा बिया घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, ही भूत जोलकिया. जहाल म्हणजे लई जहाल. पर तुझ्या शिरूर कासारच्या उन्हात न्हाई यायची." झालं! मला कुणी 'न्हाई यायची' म्हटलं की माझं डोकंच फिरतं. या उन्हात मी वीस वर्षं नांदले, मग मिरचीला काय धाड भरलीय?

अकरातल्या तीनच उगवल्या, त्याही तीन आठवडे वाट बघायला लावून. रोज सकाळी चहाच्या आधी मी गच्चीवर. पहिला हिरवा ठिपका दिसला तेव्हा अशी ओरडले की नवरा गालावरच्या साबणासकट वर पळत आला. पुढं एक रोप जिना चढून आलेल्या शेळीनं खाल्लं, एक मे महिन्यात करपलं. राहिलेलं एक तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं, वर जुन्या साडीची सावली बांधली. आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, म्हणून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं सगळं पाणी त्या डब्यात.

"आमी रानात मिरच्या लावल्या, पर असे लाड न्हाई केले कुन्या मिरचीचे," आत्याबाई म्हणायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बोलायला फटकळ, पण मीही काही कमी नाही.

फुलं यायची आणि गळायची. दसऱ्याला एकदाची दोन फळं धरली. त्यातलं एक वाऱ्यानं हिरवंच पडलं, तर मी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. आम्ही बीडची माणसं, ठेच्याला तोंडी लावायला भाकरी घेतो! म्हटलं, ही काय करणार? आई आई गं! कान तापले, नाक वाहायला लागलं, उचकी थांबेना. दह्याचं भांडं तोंडाला लावून बसले, आणि आत्याबाई पदरात तोंड घालून हसतायत. "लई मोठी मिरचीवाली!"

आता उरलं एकच फळ. तेवढ्यात भावाची बदली राजस्थानात झाली, म्हणजे नवं बी मिळायची आशा संपली. हे फळ झाडावरच लालभडक पिकवायचं आणि त्याचं बी धरायचं. बी हाती आलं तर पुढच्या साली गच्चीभर झाडं, नाहीतर सगळं मुसळ केरात. घरात सगळ्यांना बजावून ठेवलं, त्या मिरचीला कुणी हात लावायचा नाही.

ऊसतोडीला निघायच्या आधी गल्लीतल्या बायका ती बघायला एकेक करून वर येऊन गेल्या. "अगंबया, एवढीशी तर हाय!" मला असा आनंद, जणू घरात बारसं. दोन दिवसांनी झाडाची पानं आकसून वाकडी झाली. मिरचीवर बोकड्या रोग येतो, तसलीच. पण आत्याबाई म्हणाल्या, "नजर लागली. साऱ्या गल्लीनं डोळं भरून बघितलंय." मी म्हटलं, नजर-बिजर काही नसतं, मी आंबट ताक फवारते. फवारलंही. माझ्या लेखी विषय संपला.

दिवाळी झाली आणि फळ लाल झालं. उद्या तोडायचं ठरवून मी अंगणवाडीत कामावर गेले. दुपारी परत येते तर गल्लीच्या तोंडालाच ठसका! किराणावाला रुमाल लावून दुकानाबाहेर उभा, कुत्रं शिंकतंय. निम्मी गल्ली ऊसतोडीला गेलेली म्हणून बरं. जसजशी पुढं जाते तसतसा घसा जास्त जळतो. आणि धूर निघतोय आमच्याच अंगणातल्या चुलीतून. शेजारी आत्याबाई ताकाच्या पातेल्यात हात घालून बसलेल्या, डोळ्यांना धार.

"झाडाची दृष्ट काढली," त्या खोकत म्हणाल्या. "आदी घरच्या मिरच्या ववाळून टाकल्या. जळून गेल्या, पर वास न्हाई का ठसका न्हाई. म्हंजी नजर पक्की! मग म्हनलं, जबर नजरेला जबरच मिरची पायजे."

मी धावत गच्चीवर गेले. झाडावर नुसता देठ. खाली आले ती ओरडतच. आठ महिने जपलेल्या झाडाचं एकुलतं फळ, हातातोंडाशी आलेला घास, आणि तुम्ही चुलीत घातलात? तुम्हाला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही! सासूला बोलू नये ते सगळं बोलले. त्या एरवी एकाला चार ऐकवतात, त्या दिवशी नुसत्या खोकत राहिल्या. माझा दम संपल्यावर हनुवटीनं घराकडं दाखवून म्हणाल्या, "कोनाड्यात बघ."

कोनाड्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यावर राखेत घोळलेल्या बिया वाळत पडल्या होत्या. मी मोजल्या. सव्वीस!

"बी कुनी जाळतंय का गं? वरचं टरफल तेवढं जाळलं," आत्याबाई मागून दारात येत म्हणाल्या आणि ताकानं माखलेले हात पुढं केले. बोटं लालबुंद, सुजलेली. नखानं एकेक बी काढलं होतं त्यांनी, उघड्या हातानं.

"मग मगाशी कावून बोलला न्हाईत?"

"तू बोलू दिलंस का?"

मला माझीच लाज वाटली. संध्याकाळीही त्यांच्या बोटांची आग थांबेना, घास धरवेना. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना माझ्या हातानं भरवलं. आमटीत कुस्करलेल्या भाकरीचा पहिला घास नीट चावून त्या म्हणाल्या, "मिरची लई कमी पडलीय."