हनुवटी हलवू नकोस

माझी आत्या कुणाच्याही तोंडावर बोलते, आणि ते अगदी शब्दशः. समोरच्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तिचं तोंड असतं, उजव्या हातात ब्रश, डाव्या हाताच्या बोटांत त्याची हनुवटी, आणि तोंडाचा पट्टा सुरू. पळून जायची सोय नाही. एकोणचाळीस वर्षं ती सिनेमातल्या माणसांना रंगवते आहे आणि तेवढीच वर्षं त्यांना सुनावते आहे. मी तिच्या भावाची मुलगी. अभ्यासात माझा काही उजेड पडणार नाही हे कळल्यावर तिनेच माझ्या हातात कंगवा दिला. तिच्या हाताखाली मी केस करते आणि बोलणी खाते.

उंचीने ती एवढीशी. मेकअपच्या खुर्चीत बसलेलं माणूसही तिला उंच पडतं, म्हणून एक लाकडी खोकं ती सगळीकडे बरोबर नेते आणि त्यावर उभी राहून काम करते. गुडघे कुरकुरतात, पण बसून काम करणाऱ्यांना ती रंगारी म्हणत नाही.

तिच्या खुर्चीत बसलं की एक कायदा पाळावा लागतो. ओठांची रेघ काढताना हनुवटी हलवायची नाही. सगळे नट तेव्हा मनातल्या मनात संवाद घोकत असतात, आणि घोकता घोकता दुःखाचं वाक्य आलं की गडबड होते. "रडू डोळ्यांत मागाहून येतं," ती म्हणते, "आधी हनुवटीत येतं. मला विचार. किती रेघा वाया गेल्यात माझ्या!" म्हणून भल्याभल्या नायकांनाही तिचं एकच फर्मान: "हनुवटी हलवू नकोस." ते मुकाट्याने दगड होऊन बसतात.

तिची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक म्हणजे आमच्या ताई. सेटवर त्यांना सगळे ताईच म्हणतात. वय एकोणपन्नास. बावीस वर्षं त्यांनी नायिकेची बहीण, नायिकेची नणंद, नायिकेची डॉक्टर असं सगळं केलं, फक्त नायिका केली नाही. त्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये, जरा डावीकडे, एक उभी आठी होती. आत्या तिला 'आमची सवत' म्हणायची. रोज सकाळी त्या आठीवर अंगठा दाबून म्हणायची, "आलीस का बया परत?" आणि मग वीस मिनिटं तिला झाकण्यात घालवायची.

आणि एक दिवस ताईंना मुख्य भूमिका मिळाली. कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान चालवणारी एक बाई. मुलगी आठ वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेलेली. दिग्दर्शक पोरसवदा, पण बोलणं शाळेतल्यासारखं, म्हणून आत्याने त्याचं नाव मास्तर ठेवलेलं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आठी झाकायची नाही. मला ती हवीये."

झालं! आत्याचं डोकं फिरलं. "अशी उघडी पाठवायची? लोक म्हणतील, म्हातारीला दिसत नाही आता." पाच दिवस दुकानाबाहेरचं चित्रीकरण चाललं आणि पाचही दिवस तिने ताईंचं डोकं खाल्लं. मग आतला सेट उभा करायला पंधरा दिवसांची सुट्टी पडली.

सुट्टीनंतरच्या सकाळी ताई खुर्चीत बसल्या. आत्या खोक्यावर चढली, चष्मा लावला आणि सवयीने अंगठा कपाळावर टेकवला. अंगठा तिथेच थांबला.

"कुठे गेली?"

"कोण?"

"आमची सवत!"

ताई हसल्या. ओठ हसले, गाल हसले, डोळेही थोडे हसले. त्याच्या वर काहीच झालं नाही. वरचा मजला कुलूपबंद.

"बोटॉक्स. कपाळात पाच सुया, दहा मिनिटं," ताई म्हणाल्या. "तुझ्यासाठी गेले गं. या वयात त्या खोक्यावर उभी राहतेस माझ्या एका आठीपायी. आणि खरं सांगू? थोडं माझ्यासाठीही. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढी मोठी दिसणार आहे मी."

"मी तुला कधी म्हटलं सुया टोचून घे म्हणून?"

"रोज म्हणत होतीस. फक्त सुईचं नाव घेत नव्हतीस."

आत्या खोक्यावरून उतरली आणि त्याच खोक्यावर बसली. तिला गप्प बसलेली मी जन्मात प्रथम पाहिली, आणि मला मेलीला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

भीती खरी ठरली. मास्तरांनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. दाराबाहेर आठी असलेल्या ताई, दाराच्या आत बिनआठीच्या. कॅमेरावाला म्हणाला, "उंबरठा ओलांडला की दहा वर्षं कमी! अशा घराला भाडेकरू रांग लावतील." सगळे हसले, मास्तर सोडून. मग मुख्य प्रसंगाची तालीम झाली. आई इस्त्री करतेय, मागून मुलीची हाक येते, आई वळत नाही, सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसतं. हाक आली. ताई उभ्या होत्या. आम्ही वाट पाहत होतो.

"ताई, सुरू करा ना," मास्तर म्हणाले.

"संपलं माझं," ताई म्हणाल्या.

त्यानंतर खोलीत कुणी कुणाकडे बघेना. डॉक्टरांना फोन केला, तर म्हणे तीन-चार महिने हे असंच राहणार. मास्तरांनी ताईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. उद्या दुपारच्या जेवणापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर पहिले पाच दिवस दुसऱ्या बाईंना घेऊन पुन्हा. वाईट माणूस नव्हता तो. सांगताना तोच माफी मागत होता.

आत्याने त्या संध्याकाळी तपकिरी रंगाने ताईंच्या कपाळावर आठी काढली. इतकी हुबेहूब की मीही फसले असते. उंबरठ्याचा प्रश्न सुटला. पण काढलेली आठी खोल होत नाही, सैलही होत नाही. भिंतीवर घड्याळाचं चित्र काढावं तशी एकच वेळ दाखवत राहते. आत्याने पुसून टाकली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली.

"मीच घालवला हिचा रोल," घरी जाताना ती म्हणाली. "बावीस वर्षं वाट बघितली पोरीने, आणि मी कुरकुर करून घालवला." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर म्हणाली, "तू गप्प बस, तुला कंगवा धरता येत नाही अजून." तेव्हा मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठी काढून झाली, मी केसांवर रुमाल बांधला, आणि आत्याने ओठ रंगवायला घेतले. ताई पुटपुटत होत्या. मुलीशी बोलायचं त्यांचं एकच वाक्य होतं: "दार उघडंच होतं." तिसऱ्यांदा म्हणताना ब्रश घसरला आणि लाल रेघ थेट गालावर गेली.

"हनुवटी हल..." आत्या थांबली. तिने डाव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. "परत म्हण."

"दार उघडंच होतं."

"परत."

मग ती माझ्यावर ओरडली, "बघत काय बसलीस? मास्तरांना बोलाव!"

मास्तर धावत आले. "हात धुतलेत का?" आत्याने विचारलं. त्यांनी गोंधळून हात दाखवले. "धरा हिची हनुवटी. अशी, दोन बोटांत. हं, म्हण गं."

ताई म्हणाल्या. मास्तरांचा चेहराच बदलला. बराच वेळ ते हनुवटी सोडीनात.

"मग काल का नाही दिसलं?" त्यांनी विचारलं.

"मी आवरते ना ती," ताई म्हणाल्या. "कॅमेरा लागला की मला हिचाच आवाज येतो. हनुवटी हलवू नकोस."

आत्याने कपाळावर हात मारला. "हात्तिच्या! म्हणजे तेही मीच!" आणि मास्तरांकडे वळून म्हणाली, "कॅमेरा खाली घ्या. वरचा मजला बंद असला तरी खाली घर भरलेलं आहे."

पहिल्या टेकला काही झालं नाही. बावीस वर्षांची सवय. दुसऱ्या टेकला हाक आली, ताई स्तब्ध, आणि कॅमेऱ्याशेजारी खोक्यावर उभी असलेली आत्या न राहवून ओरडली, "हलव की गं!" आवाज टिपणाऱ्याने कानावरचे हेडफोन फेकले. मास्तरांनी तिला बाहेर काढलं नाही, एवढे उपकार.

तिसऱ्या वेळी हाक आली, "आई," आणि ताईंचा इस्त्रीचा हात थांबला. हनुवटीवर आधी एक बारीक खळी पडली, मग दुसरी. मग सगळी हनुवटी थरथरायला लागली आणि खालचा ओठ ती थोपवायला निघाला, पण त्याच्याने ती थोपेना. कपाळ शांत होतं. त्या शांत कपाळाखाली एवढं सगळं चाललं होतं. आठ वर्षं ही बाई लोकांना 'मी बरी आहे' म्हणत आली असणार, ते कपाळ होतं ते. ताई म्हणाल्या, "दार उघडंच होतं." आणि मास्तर 'कट' म्हणायलाच विसरले.

धूर निघाला तेव्हा सगळे भानावर आले. इस्त्री खरी होती. "माझा शर्ट!" कपडेपट सांभाळणारा किंचाळला. "एकच होता हो तो!" ताई रडत रडत हसत होत्या, मास्तर डोळे पुसत होते, आणि आत्या सगळ्यांसमोर त्या कपडेपटवाल्याला मिठी मारत होती, कारण जवळ तोच उभा होता.

चार महिन्यांनी ताई सकाळी सकाळी आमच्या दारात हजर. आत येऊन त्यांनी आत्यापुढे कपाळ केलं. आत्याने अंगठा टेकवला. "आलीस का बया परत!" म्हणाली आणि दोघी लहान मुलींसारख्या खिदळल्या. पुढच्या सिनेमाआधी ताईंनी तिला विचारलं, पुन्हा सुया घेऊ का? आत्या म्हणाली, "माझा रंगांचा डबा तरी दुसरं काय करतो? झाकतोच ना? घे हवं तर. फक्त ओठांच्या खाली जाऊ नकोस."

आत्याचा कायदा बाकी सगळ्यांना अजून लागू आहे. परवाच एका नायकाला तिने दोनदा दटावलं. पण ताई खुर्चीत बसल्या की ती रेघ काढता काढता स्वतःच म्हणते, "हं, म्हण तुझं वाक्य." ताई म्हणतात. रेघ थोडी वाकडी होते, आणि आत्या ती तशीच ठेवते.