चार करवंट्यांवरचा डबा

तापलेल्या पत्र्यावर तळवा ठेवून ती मोठ्याने आकडे मोजायची. "एक, दोन, तीन..." दहापर्यंत हात टिकला की म्हणायची, "जगेल." नाही टिकला तर पेचकस उचलायची. तुमच्याही आळीत अशी कोणी असेल, तर तिचे आकडे नीट ऐका. मी उशिरा ऐकले.

माझं शिक्षण तिसरी. पण विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या माझ्या दुकानात मी घडवलेल्या पत्र्याच्या डब्यात मुंगी शिरलेली कोणी दाखवावी. तेलाचे, पिठाचे डबे न्यायला लोक कल्याणहून यायचे. त्यामुळे ही बाई कागदावर भोकांचा डबा काढून घेऊन आली, तेव्हा मला तो अपमानच वाटला.

ती ठाण्याच्या कोळीवाड्यातली, लग्न करून आमच्या आळीत आलेली. अकरा वर्षं रेडिओच्या कारखान्यात तारा जोडायला कथलाचा डाग मारायचं काम केलेलं. कारखान्याला टाळं लागलं, तशी शेजारणींनी पोळ्यांची कामं सुचवली. ती म्हणाली, "हातात डाग आहे, लाटणं कशाला धरू?"

तिच्या भावाच्या मंडळाला नारळी पौर्णिमेला होडीवर गाणी वाजवायला ॲम्प्लिफायर हवा होता; ते मशीन तिने बनवायला घेतलं. होडीत जागा कमी, म्हणून दोन विटांएवढाच. एवढ्याशा डब्यात मशीन तापणार, म्हणून तिने उल्हासनगरच्या भंगारातून कॉम्प्युटरचा छोटा पंखा शोधून आणलेला. मशीन सूर्यास्तापर्यंत चाललं, तर गणपतीचं कामही तिलाच मिळणार होतं. नाही चाललं, तर लाटणं होतंच.

"पंखा गरम हवा बाहेर फेकेल, दादा. पण गार हवा आत यायला बाजूंना भोकं हवीत."

"बाजूंना? लोक म्हणतील, मिस्त्री चाळण्या करायला लागला."

"लोकांना गाणं ऐकायचंय. डबा नाही."

मी ऐकणारा माणूस नव्हे. भोकं पाडली, पण तळाला. वरून डबा आरशासारखा! तिने तो उलटासुलटा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "हट्टी आहात," एवढंच म्हणाली. घरी मशीन कुशीवर आडवं ठेवून चार तास चालवलं. दहा मोजले. "जगेल."

पौर्णिमेला तिने मलाही ठाण्याला नेलं. होडी धक्क्याला लागलेली, पताका लावून सजवलेली. पाणी उडू नये म्हणून भावाने ताडपत्रीची जाड घडी घातली आणि वर डबा ठेवला. गाणं लागलं तसा धक्काभर नाच सुरू झाला. मी छाती पुढे काढून उभा. डबा माझा होता ना!

पाऊण तासात आवाज चिरकला आणि बंद पडला. नाच थांबला. कोणीतरी ओरडलं, "बाय, तुजा डबा चुलीवर ठेव, भात तरी शिजल!" सगळे हसले.

ती हसली नाही. तळवा ठेवला. "एक, दो..." हात झटक्यात मागे आला. पंखा तर फिरत होता. तिने डब्याखाली बोट सरकवून बघितलं. बोट जाईना. तळाची भोकं ताडपत्रीने बंद केलेली. घरी आडवं ठेवलेलं, तेव्हा ती उघडी होती.

"थांब, बाजूंना पाडतो भोकं," मी खिशातून खिळा काढला.

"हात लावू नका. पत्र्याचा कीस आत पडला तर सगळं जळेल." तिने इकडेतिकडे बघितलं. शेजारी नारळ फोडून प्रसाद वाटणं चाललेलं. "ए, खोबरं खा आणि करवंट्या द्या इकडे. चार. पटकन!"

चार पालथ्या करवंट्यांवर डबा चढला. झाकण काढून ती पदराने वारा घालत बसली. भावाने विचारलं, "बाय, चूक कोनाची?"

"डब्याला पाय लावायचे राहिले," ती म्हणाली.

बायकोसमोरसुद्धा मी कधी चूक कबूल केलेली नाही. पण तिने मला पाठीशी घातलेलं मला सोसलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हिने भोकं बाजूंना सांगितलेली, मी तळाला पाडली. चूक माझी."

भावाने खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. तिने पुन्हा मशीन लावलं. सोनेरी नारळ खाडीत गेला, सूर्य बुडाला, तरी गाणं थांबलं नाही.

पुढे दहा-बारा वर्षं ती माझ्याकडूनच डबे न्यायची. भोकं बाजूंना, खाली चार रबरी पाय. दर वेळी डबा उलटा करून पाय मोजायची. दर वेळी मी चिडायचो.

ती गेली त्यालाही आता वर्षं झाली. मध्ये तिचा भाऊ तोच पहिला डबा घेऊन आला. खाऱ्या हवेने पंखा अडकलेला. मला आतलं काही कळत नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, बोटाने पंखा फिरवला. भावाने पिशवीतून चार करवंट्या काढल्या. त्याच, काळ्या पडलेल्या.

गाणं लागलं. अर्ध्या तासाने मी पत्र्यावर तळवा ठेवला. ऊब होती. एक, दोन, तीन... दहा.

"जगल ना?" भाऊ म्हणाला.

मी हात काढला नाही. पुन्हा एकपासून मोजायला लागलो.