इबोम्चाची भाषा आणि माझं नको ते बोलणं

मंडळी, वसाहतीच्या या फळ्यावर मी रोज बातम्या लिहितो. आज स्वतःचा अनुभव लिहितोय, कारण सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

तारापूरच्या बांधकामावर आमच्याबरोबर मणिपूरचा इबोम्चा वेल्डर आहे. आज बोईसरच्या बाजारात तो गावाहून आलेल्या भावाशी आपल्या भाषेत बोलत होता. चहावाला ओरडला, "यो चिनी बोलतो हाय! हेर हाय!" चीनचं युद्ध लोक विसरलेले नाहीत. लगेच गर्दी जमली.

मी पूर्वी मास्तर होतो, म्हणून मध्ये पडलो. "अहो, ही मणिपुरी. चिनी, तिबेटी, ब्रह्मदेशी आणि ही एकाच कुळातल्या भाषा, पण फार लांबच्या. एक बोलणाऱ्याला दुसरी कळतसुद्धा नाही."

"म्हंजे नातं हाय ना? तुमीच सांगता!"

"नातं आहे, पण लांबचं," मी म्हणालो. पुढचं न ऐकता लोकांनी दोघा भावांना धरून पोलीस चौकीत नेलं.

दुपारी मुकादमाने त्यांना सोडवून आणलं. तोवर सालवडच्या घरमालकाने इबोम्चाचं सामान अंगणात काढून ठेवलं होतं. इबोम्चा मला एवढंच म्हणाला, "मास्टरजी, आप चुप रहते तो अच्छा था."

आपली मराठी आणि इंग्रजीही एकाच कुळातल्या आहेत. म्हणून आपण कधी इंग्रज ठरलो का? हे तेव्हा सुचायला हवं होतं.

दोघं भाऊ आता माझ्या खोलीत आहेत. सकाळपासून ते आपल्या भाषेत एकमेकांशीही बोललेले नाहीत. उद्या मी त्यांना घेऊन पुन्हा बाजारात जाणार आहे. त्यांच्या बाजूने उभं राहायला बरोबर कोण कोण येणार?