वहिनीची यादी

पोस्टरवर त्याचं नाव 'लिफ्टवाला' एवढंच छापलेलं असे. चौदा वर्षं त्यानं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि लोकांसमोर बोलायलाही तो तिथंच शिकला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं घाबरतात, दारावर धक्के मारतात आणि काम आणखी लांबतं. म्हणून तो हातात पाना घेऊन दाराच्या फटीतून त्यांच्याशी बोलत राही. आधी कुठे राहता, काय करता, मग हळूहळू काहीतरी गमतीचं. एकदा आत अडकलेल्या सहा जणांत एका क्लबची सेक्रेटरी होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे, चाळीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा त्यातल्या तिघांना बाहेर यायची घाई राहिली नव्हती. तिनं त्याला क्लबच्या कार्यक्रमात दहा मिनिटं बोलायला बोलावलं. पुढच्या चार वर्षांत नोकरी सुटली आणि तो गावोगाव स्टँड-अप करत हिंडायला लागला.

वर्षातले दोनशे दिवस तो घराबाहेर असे. जुनी गाडी, मागच्या खिडकीला हँगरवर टांगलेले तीन शर्ट, डिकीत स्वतःचा माईक. दुपारी गाव गाठायचं, लॉजवर बॅग टाकायची आणि हॉल बघायला जायचं. हॉल म्हणजे कधी वाचनालयाचा वरचा मजला, कधी कारखान्याचं कँटीन, कधी शाळेचं सभागृह, जिथल्या खुर्च्यांत मोठ्या माणसांचे गुडघे मावत नाहीत. तो सगळ्यात मागच्या भिंतीपर्यंत चालत जाऊन एक टाळी वाजवी आणि आवाज घुमतो का ते बघे. सहाला शो सुरू, साडेसातला संपला. सकाळी पुढचं गाव. लग्न राहूनच गेलं होतं आणि त्याबद्दल तो स्टेजवरसुद्धा काही बोलत नसे.

तो बोलत असे वहिनीबद्दल.

आईवडील सहा महिन्यांच्या अंतरानं गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याला दादाच्या घरी आणलं. दादा एकोणतीस वर्षांचा, छापखान्यात मुद्रितशोधक. वहिनी चोवीस वर्षांची. पुढं तिनंच त्याला वाढवलं. आणि त्याचा सगळ्यात गाजलेला पंचवीस मिनिटांचा भाग तिच्यावर होता. वहिनी फोन उचलला की आधी 'नाही' म्हणते आणि मग विचारते, कोण बोलतंय? वहिनीच्या मते जगात कुणाचंच काही खरं नाही. फ्रिजचं काही खरं नाही, शेजारणीच्या जावयाचं काही खरं नाही, बाल्कनीतल्या झाडाचं तर मुळीच नाही. स्टँड-अप म्हणजे काय, हे तिला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, एवढं बोलायचंय तर बसून बोल ना.

लोक पोट धरून हसत. शो संपल्यावर भेटायला येत तेव्हा त्याची चौकशी करायच्या आधी वहिनीची करत.

वहिनीला हे माहीत होतं. इमारतीतल्या कुणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं. तिनं फक्त, माझा आवाज नीट काढतोस ना, एवढंच विचारलं. शोला मात्र ती कधी आली नाही आणि ती नाही म्हणून दादाही नाही. घरी ऐकतेच की, तिथं येऊन वेगळं काय ऐकायचं, असं तिचं म्हणणं.

ती एकोणसाठाव्या वर्षी गेली. चार महिन्यांचं दुखणं. डॉक्टरांनी रिपोर्ट समजावून सांगितले, तेव्हा खोलीबाहेर आल्यावर ती म्हणाली की त्या डॉक्टरांचं काही खरं नाही, फार थकलेले दिसतात. लिफ्टवाल्यानं दोन आठवड्यांचे शो रद्द केले आणि मग पुन्हा गाडी काढली. तो भाग त्यानं तसाच ठेवला. वहिनी म्हणते, वहिनी विचारते, सगळं वर्तमानकाळात. तो बदलायचा कसा ते त्याला सुचत नव्हतं आणि बाकीच्या शोमध्ये त्या तोडीचं दुसरं काही नव्हतं.

दादा घरी एकटा राहिला. छापखान्यातून निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती. लिफ्टवाल्यानं रोज फोन करावा, दादानं जेवलो म्हणावं, आणि काय जेवलास विचारलं की विषय बदलावा. असं दोन महिने चाललं. शेवटी लिफ्टवाल्यानं सांगितलं की पुढचा दौरा पंधरा गावांचा आहे, गाडीत जागा आहे, तू चल. दादानं विचारलं की तिकडे वाचायला दिवा बरा असतो का.

तो एक लहान बॅग, दोन चष्मे आणि लाल पेन घेऊन गाडीत बसला. पहिल्याच लॉजमध्ये त्यानं पाण्याच्या वेळांची सूचना वाचली आणि 'नियमीत'मधली दीर्घ मी दुरुस्त केली. शोला तो मागून तिसऱ्या रांगेत कडेला बसला. आजूबाजूचे हसत होते, तो ऐकत होता. पुढ्यात प्रूफ असल्यासारखी त्याची मान थोडी पुढे झुकलेली होती.

दुसऱ्या दिवशी गाडीत त्यानं सांगितलं की फोनवरचं 'नाही' ती इतकं लांबवत नसे. तुटक म्हणायची, टाचणी टोचल्यासारखं. लिफ्टवाल्यानं संध्याकाळी तसं करून बघितलं. हशा दुप्पट आला. तिसऱ्या गावी दादानं सांगितलं की ती पाय ओढत चालायची ते शेवटच्या वर्षी, गुडघा दुखायला लागल्यावर. तू सांगतोस त्या काळात ती भराभर चालायची आणि वस्तूंना धडकायची. तेही बदललं. असं रोज काहीतरी निघे. लिफ्टवाल्याला आधी गंमत वाटली, मग तो सकाळी वाट बघायला लागला.

'म्हणते' आणि 'विचारते' यावर दादा फक्त एकदा बोलला. "तू अजून म्हणते म्हणतोस," तो म्हणाला.

लिफ्टवाल्यानं विचारलं, बदलू का? दादा म्हणाला की त्याला चालतं.

पण यादीच्या विनोदाबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं आणि तो तर या भागाचा कळस होता. लिफ्टवाला सांगे की मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाली, कपाटाच्या दाराला आतून यादी लावलीय, वाच आणि तसंच वाग. मी दार उघडून वाचतोय. एक, न विचारता फ्रिज उघडायचा. दोन, जेवताना बोलायचं. तीन, घरात पळायचं. चार, दार आपटायचं. पाच, दुसऱ्यांच्या वस्तूंना हात लावायचा. सहा, मोठ्यांदा हसायचं. मग तो थांबे, डोकं खाजवे आणि म्हणे, तेव्हा माझ्या लक्षात आलं. दिवसभर फोनवर इतके 'नाही' खर्च होतात, की यादी लिहायला बसल्यावर वहिनीकडं एकही शिल्लक नव्हता.

नऊ वर्षं हा विनोद एकदाही पडला नव्हता.

सहाव्या गावी, दुपारी, लॉजच्या खोलीत तो टेबलावर टॉवेल पसरून शर्टाला इस्त्री करत होता. दादा पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं पेपराची घडी घातली आणि सांगितलं, "ती यादी तिची नव्हती. माझी होती."

लिफ्टवाल्याला आधी कळलं नाही.

"अक्षर बघितलं नाहीस का तू? प्रेसमधलं अक्षर आहे ते. तू आलास त्या संध्याकाळी बसून लिहिली मी. पेन्सिलनं. पोरगं बिघडलं तर सगळे काय म्हणतील, याचीच भीती होती डोक्यात. न विचारता फ्रिज उघडायचा नाही. जेवताना बोलायचं नाही. सगळ्याला शेवटी नाही होतं."

"मग?"

"तिनं वाचली. बोलली काहीच नाही. माझं खोडरबर मागितलं. मला वाटलं, शब्दकोडं सोडवतेय."

लिफ्टवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली. दादा पुढं सांगत राहिला, वर्तमानपत्राकडं बघत, एकाच पट्टीत. सकाळी त्यानं कपाट उघडलं तेव्हा 'नाही' पुसलेले होते. त्याला राग आला होता. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही आणि तिनंही बोल म्हणून आग्रह केला नाही. मग कधीतरी स्वयंपाकघरातून पोराचं मोठ्यांदा हसणं ऐकू आलं आणि त्यानं पुन्हा 'नाही' लिहायचा विचार सोडला. एवढंच.

"पण सातवा तसाच ठेवला तिनं," दादा म्हणाला. "तो तू स्टेजवर सांगत नाहीस."

सातवा नियम लिफ्टवाल्याला पाठ होता. न सांगता कुठं जायचं नाही. तो त्यानं गाळला होता, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि त्याच्यामुळं विनोद ढिला पडे.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, की इतकी वर्षं कधी सांगितलं का नाहीस. दादा म्हणाला की आधी लाज वाटायची आणि मग विषयच निघाला नाही. शोमध्ये हा विनोद आहे हे मागच्या आठवड्यापर्यंत त्याला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. तिनं मोबाइलवर तो पाहिला होता आणि घरी येऊन त्याबद्दल काही बोलली नव्हती.

"हे स्टेजवर सांगू?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

दादानं चष्मा काढून पुसला. "सांग. पण लोक माझ्यावर हसले पाहिजेत. तिच्यावर हसून झालं पुष्कळ."

त्या संध्याकाळी त्यानं जसं ऐकलं तसंच सांगितलं. कारखान्याचं कँटीन होतं, दीडशे माणसं. सगळी शांत झाली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला आणि शेवटी जोरदार टाळ्या पडल्या. लिफ्टवाला आत आला तो तोंड पाडून. टाळ्या काय, भाषणालाही मिळतात. दादा म्हणाला की मजकूर लांबलाय, आईबाप नसल्याचं दोनदा आलंय, एकदा पुरे. आणि 'माझी देवासारखी वहिनी' हे शब्द कुठून आले? तिनं ऐकलं असतं तर उठून गेली असती.

मग पाच गावं ते यावर खपले. सकाळी गाडीत लिफ्टवाला वाक्यं म्हणून दाखवी, दादा वहीत लिहून घेई आणि दुपारी लाल पेन घेऊन बसे. सातव्या गावी दोन-चार जण हसले. आठव्या गावी मधेच एकाचा मोबाइल वाजला आणि सगळं ओम फस झालं. नवव्या गावी लिफ्टवाला वैतागून म्हणाला की जुनंच बरं होतं. दादानं वाद घातला नाही. त्यानं फक्त विचारलं, की मग आज जुनं सांगणार आहेस का? लिफ्टवाल्यानं प्रयत्न केला, पण दुसऱ्या नियमापाशी येऊन तो भाग सोडून दिला आणि थेट 'फ्रिजचं काही खरं नाही'वर गेला.

अकराव्या गावी जमलं. वाचनालयाचा वरचा मजला होता, माणसं जेमतेम साठ. लिफ्टवाला म्हणाला, माझा दादा तीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढत होता. त्याचं स्वतःचं प्रूफ आयुष्यात एकदाच कुणीतरी तपासलं. सात ओळींत सहा चुका निघाल्या. हशा मागच्या भिंतीपर्यंत गेला. तो ओसरायची वाट न बघता लिफ्टवाल्यानं पुढचं वाक्य टाकलं. दोन दिवस दादा वहिनीशी बोलला नाही; वहिनीला वाटलं, सुट्टी लागली. तिसऱ्या रांगेतला एक जाडा माणूस हसता हसता खुर्चीवरून घसरायला आला. त्या दिवशीच्या शोमध्ये वहिनी 'म्हणते', 'विचारते' नव्हती; ती म्हणायची, विचारायची, पुसायची. हे त्यानं ठरवून केलं नव्हतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

शोनंतर दादानं आकड्याबद्दल तेवढं सांगितलं. सहा बरोबर आहे, तो म्हणाला.

पंधरावं गाव झाल्यावर लिफ्टवाल्यानं त्याला घरी सोडलं. पुढच्या दौऱ्याला येतोस का, असं विचारल्यावर दादा नको म्हणाला. तेच तेच ऐकायचा त्याला कंटाळा आला होता, आणि आता त्यात काढण्यासारखी चूकही उरली नव्हती. लिफ्टवाल्याला जरा लागलं. त्या हिवाळ्यात त्या भागाची तेवीस मिनिटं झाली. भेटायला येणारी माणसं आता वहिनीची चौकशी करत नसत. दादा खरंच इतका खडूस आहे का, असं विचारत.

दादा मात्र घरी बसला नाही. प्रवासाची त्याला चटक लागली होती. महिन्यातून दोनदा तो बसनं एखाद्या गावी जाई, दोन दिवस लॉजवर राही, बाजारातल्या, शाळांवरच्या, वाचनालयांवरच्या पाट्या वाचत हिंडे आणि परत येई. जाण्याआधी लिफ्टवाल्याला फोन करून गावाचं नाव सांगे, बाकी काही नाही. वसंतात लिफ्टवाला एका नव्या हॉलवर गेला. तिथल्या मॅनेजरनं त्याच्या हातात एक कागद ठेवला आणि सांगितलं की एक वयस्कर गृहस्थ मागच्या आठवड्यात येऊन प्रत्येक रांगेत बसून गेले. कागदावर लाल पेनानं लिहिलं होतं, की डावीकडच्या शेवटच्या चार खुर्च्यांवरून स्टेज दिसत नाही, त्या तिकिटांतून वगळाव्यात.

लिफ्टवाल्यानं जाऊन एकेका खुर्चीवर बसून बघितलं. तीनवरून दिसत नव्हतं. चौथीवरून थोडं वाकलं की दिसत होतं. त्यानं मॅनेजरला चारही खुर्च्या काढायला सांगितलं आणि तो माईक आणायला गाडीकडं गेला.