मोघम मागू नये

सरकारी नोकर देवापुढं गुडघे टेकतो तेव्हाही त्याच्या अंगातली कचेरी सुटत नाही. हे मी आमच्याच लोकांबद्दल म्हणते आहे. सांगलीत आम्ही सहा-सात जण, सगळे ख्रिस्ती आणि सगळे सरकारी, रविवारी उपासना झाली की एका काकांच्या घरी प्रार्थनेला जमायचो. एक तलाठी, एक पोस्टमन, दोन शिक्षिका, आणि मी जत तालुक्यातल्या उपकेंद्राची नर्स. काका स्वतः जिल्हा परिषदेत आरोग्य विभागाच्या आस्थापना शाखेत होते. म्हणजे आम्हा नर्सांची कोणाची बदली कुठं, हे ज्यांच्या टेबलावरून जातं ते.

आधी गीत, मग वचन, मग एकेकानं आपली विनंती सांगायची आणि काकांनी सगळ्यांच्या वतीनं ती देवापुढं मांडायची, अशी रीत होती. काकांचा त्यात एकच आग्रह असायचा. "मोघम मागू नये. मोघम अर्ज सायबाफुडं चालत न्हाई, तर देवाफुडं कसा चालंल? कोण, कुठं, कवा, सगळं नीट सांगायचं."

आम्हाला ते लगेच पटलं, कारण आम्ही अर्जांवरच जगलेली माणसं. पोस्टमन देवाला आपल्या गुडघ्याच्या एक्स-रेचा रिपोर्ट वाचून दाखवायचा. एक शिक्षिका पोराच्या परीक्षेचा बैठक क्रमांकसुद्धा सांगायची, न जाणो देवानं भलत्याच पोराला पास केलं तर! मी मात्र बरीच वर्षं "आईसाठी" एवढंच म्हणत होते.

आई माधवनगरला. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, मग वडील गेले, दोन खोल्या राहिल्या. लकव्यानं आईची उजवी बाजू गेल्यापासून तिचं सगळं शेजारीण करायची. मी एकुलती एक, लग्न केलं नाही, आणि नोकरी जतला. तिथं वाड्यावस्त्या फिरून मी दुसऱ्यांच्या आयांचं बीपी मोजायची. आईला तिकडं न्यावं तर उन्हाळ्यात पाणी टँकरचं, आणि ती घर सोडायला तयार नव्हती. दर रविवारी मी निघाले की विचारायची, "झाली का गं बदली?" लकव्यानं जीभ जड झालेली, पण हे वाक्य तिचं स्पष्ट यायचं. शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ असावं, तिचं सगळं आपल्या हातानं करावं, याखेरीज मला त्या नोकरीकडून काही नको होतं.

आणि एका वर्षी ते जमेलसं दिसलं. माधवनगरच्या जवळच्याच उपकेंद्रातली सिस्टर माझी ट्रेनिंगमधली मैत्रीण. तिनं हळूच सांगितलं की ती स्वेच्छानिवृत्ती घेतेय, अजून अर्ज दिलेला नाही, मे महिन्यातल्या बदल्यांच्या वेळी मी ती जागा मागावी, तोवर कुठं बोलू नये. आईला सांगितलं तर तीही अडखळत म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप ऱ्हा."

मी रविवारी प्रार्थनेत मूठ उघडली. देवाला सांगणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे, असं मला वाटलं. गावाचं नाव, मैत्रिणीची निवृत्ती, माझी सेवाज्येष्ठता, सगळं नीट सांगितलं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून तेच सगळं एकही तपशील न गाळता देवापुढं मांडलं.

मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या सभागृहात रिकाम्या जागा पडद्यावर दाखवतात आणि ज्येष्ठतेनुसार एकेकीला बोलावतात. माझा नंबर आला तेव्हा पडद्यावर ते गाव नव्हतं. विचारलं, तर कळलं की मैत्रीण निवृत्त होताच तिथं प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरती म्हणून, एक सिस्टर आणली आहे. ती काकांची सून निघाली. आधी ती पलूस तालुक्यात होती, रोज सांगलीहून जाऊन-येऊन करायची.

मी काकांना जिन्यात गाठलं. "सलाम काका," मी म्हणाले, "तुमच्या सुनेला तिथं कसं?"

"आवं सिस्टर, तिचं अंगावरचं पोर हाय, एसटीनं रोज किती हाल! देवानंच दार उघडलं बगा. तुमचंबी उघडंल." नजर चुकवली नाही त्यांनी.

लोक म्हणतात मुखी राम, बगलेत सुरी. काकांना ते लागू पडत नाही, हीच तर माझी तक्रार आहे. ढोंगी असते तर थुंकून मोकळी झाले असते. त्यांनी रविवारी माझ्यासाठी मनापासून मागितलं आणि सोमवारी सुनेसाठी मनापासून लिहिलं. पुढच्या प्रार्थनेत देवानं सुनेचं काम केलं म्हणून त्यांनी साक्ष दिली, पेढे वाटले. माझी विनंती तिथं बसलेल्या प्रत्येकानं कानांनी ऐकली होती. पण सगळ्यांनी तोंड उघडलं ते पेढ्यासाठीच. तलाठी म्हणाला, "देवाची योजना." देवाच्या योजना आस्थापना शाखेतून निघतात हे मला तेव्हा कळलं. पेढा मीही खाल्ला. त्यानंतर त्या घराची पायरी चढले नाही.

आई गेली ती पोलिओच्या रविवारी. त्या दिवशी नर्सला बूथ सोडता येत नाही. शेजारणीचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर पोरांची रांग होती. सुपरवायझरला विनवण्या करून निघाले आणि एसटीनं पोचले, तोवर शेजारणीनं आईचे डोळे मिटवले होते.

दफनाला मंडळी आली, काकाही आले. पाळकांनंतर त्यांनी प्रार्थना केली. "हे प्रभू, आमच्या सुनेला तू तिथं नेलंस ते या घटकेसाठीच. या माउलीच्या उशाशी तू तिला बसवलंस." सगळे आमेन म्हणाले. हातातली माती त्यांच्या तोंडावर मारावी असं मला वाटलं. ती मी आईवर टाकली.

माणसं पांगल्यावर ती सून माझ्याकडं आली. तिचा बूथ आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होता, शेजारणीनं तिलाच पळत जाऊन आणलं होतं. पोरगी मनानं बरी होती. रडून तिचे डोळे सुजलेले.

"ताई, त्यांनी मला तुमीच समजलं," ती म्हणाली. "हात धरला माझा. झाली का गं बदली, म्हणून इचारलं. मला काय कळंना. मी म्हणलं, व्हय आई, झाली. लय हसल्या वो त्या. मग गेल्या." तिनं डोळे पुसले. "मी खोटं बोलले, ताई. चुकलं का माझं?"

"खोटं कुठं बोललीस?" मी म्हणाले. "झालीच होती की. तुझी."