आबांचा गेमिंगचा हेडसेट

आमचा टीव्ही बघायचे फक्त आबा, माझे सासरे. ऐकायची मात्र नवलाख उंबरे गावातली आमची अख्खी आळी. बातम्यांच्या चॅनलवर चार माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची, मध्येच जाहिरातीतली बाई किंचाळत साबण विकायची, आणि मी स्वयंपाकघरात दातओठ खात कणिक मळत असायचे. दिवसभर तळेगावच्या शाळेत पोरांचा गोंगाट ऐकायचा आणि घरी आलं की हे. त्या आवाजाची मला शिसारी बसली होती. निवेदकाचा चेहरा दिसला तरी तोंडाची चव जायची.

यात आबांचा काही दोष नव्हता. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काढली आणि कान तिथेच ठेवून आले. हळूहळू ते ओठ वाचायला शिकले. समोर उभं राहून मोठ्याने, सावकाश बोललं तर त्यांना बरंचसं कळायचं. त्यामुळे या घराला एक सवय लागली होती आणि लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती मलाही शिकवली गेली. आबांना कळू नये असं काही बोलायचं असेल तर त्यांच्याकडे पाठ करायची. आवाज खाली आणायचं कारण नाही. माझा नवरा फ्रिजमध्ये डोकं घालून बोलायचा, मी गॅसकडे तोंड करून. आबांचा खोकला, आबांची चिडचिड, पाहुण्यांसमोर आबांनी काय बोलायला नको होतं, या सगळ्याची चर्चा त्यांच्यापासून चार हातांवर, खड्या आवाजात चालायची. सुरुवातीला मला ते फार ओंगळ वाटलं. मग मीही पाठ करायला लागले.

कानाचं मशीन आणून झालं होतं. आबांनी ते जेमतेम एक दिवस वापरलं आणि कपाटात टाकून दिलं.

"मशीन घातलं की मानूस बहिरा दिसतो," ते म्हणाले.

"आणि आता काय दिसता?" हे अर्थातच मी गॅसला विचारलं.

तेवढ्यात माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नणंद लोणावळ्याला दिलेली. तिची ही मुलगी म्हणजे आबांचा जीव की प्राण. दर रविवारी ती टॅबवर व्हिडिओ कॉल करायची, आबा तिचे ओठ बघत बसायचे आणि अर्धंमुर्धं समजून खूश व्हायचे. मुलाचं घर बघायला आम्ही सगळे गेलो होतो. तिथे आबा माझ्याकडे झुकले आणि कुजबुजले, "पोरगं गुणाचं हाय, पर टाळू दिसाया लागली." कुजबुज आपली त्यांच्या हिशोबाने. बाहेर चपला काढत असलेल्या माणसानेसुद्धा ती ऐकली. मुलाने नकळत डोक्यावर हात फिरवला आणि त्याच्या आईने पोह्यांची बशी जरा जोरातच खाली ठेवली. लग्न मोडलं नाही, पण माझा नवरा त्या दिवसापासून धसका घेऊन बसला. आता लोणावळ्याला सुपारी फोडायची होती, आणि आमच्यात तो मान मुलीच्या आजोळच्या थोरल्याचा. आबा रोज विचारायचे, "सुपारी कवा हाय?" नवरा म्हणायचा, "बघू." या घरात बघू म्हणजे नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. फक्त आबांना ते कुणी सांगत नव्हतं.

हेडसेटचा विषय निघाला तो मात्र माझ्यामुळे, आणि टीव्हीमुळे. आधी साधे ब्लूटूथवाले हेडफोन आणले. आबांनी ते पाच मिनिटांत काढून खाटेवर फेकले. "मानूस बोलून त्वांड मिटतो, आन मग मागनं त्याचं बोलनं येतं. ह्ये काय भुताचं हाय?" आम्हाला हे कळलंच नसतं. आवाज किंचित मागे पडत होता, आणि इतकी वर्षं ओठांवर भरवसा ठेवलेल्या माणसाला तेवढ्यानेही गरगरत होतं. आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांनी सुचवलं, की गेम खेळणाऱ्यांचा वायरलेस हेडसेट घ्या. त्याच्यासोबत एक छोटा डोंगल येतो, तो टीव्हीला लावायचा, मग आवाज मागे राहत नाही. गेममध्ये गोळीचा आवाज उशिरा आला तर खेळणारा मरतो, म्हणून ही सोय.

झालं, मी शोधायला बसले. इतका घाण बाजार मी आयुष्यात पाहिला नव्हता. प्रत्येक व्हिडिओत तोच तो लाल खुर्चीतला पोरगा, तेच ते वासलेलं तोंड आणि "गाइज, गाइज" करत ओरडणं. ज्याने फुकट पाठवला त्या कंपनीचा हेडसेट सर्वांत भारी. खोक्यांवर कवट्या, ड्रॅगन, रक्ताचे ओघळ. कानावर घालायच्या वस्तूला रक्त कशाला लागतं, हे मला अजून समजलेलं नाही. बरं, माझी मागणी साधी होती. टीव्हीवर आवाज मागे पडायला नको. फोनला जोडता यायला हवा, कारण परंदवडीला आबांचे प्रेसवरचे एक जुने जोडीदार आहेत, त्यांचेही कान गेलेले, आणि दोघं फोनवर कॅरम खेळताना एकमेकांवर बोंबलतात. आणि रविवारी टॅबवर नातीशी बोलता यायला हवं. तेही दर वेळी जोडा, तोडा, परत जोडा असली कटकट न करता. एक हेडसेट टीव्हीला चालायचा, पण फोनला नाही. दुसरा फोनला चालायचा, पण टीव्हीला लावला की आवाज मागे. तिसरा तिन्हीला चालतो असं वर मोठ्या अक्षरांत, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, की तसा चालत नाही. खोटं बोलायचं तर निदान सरळ बोला.

शेवटी तळेगावच्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "मॅडम, मुलगा कितवीत आहे?"

"मुलाची सत्तरी उलटलीय," मी म्हटलं.

तो हसला आणि मी काही म्हणायच्या आत त्याने दुकानातला नमुन्याचा हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला. कानाची गादी ओलसर लागली. कुणाच्या तरी केसांचं तेल, कुणाचा तरी घाम, आणि गालाला चिकटलेला एक आखूड केस. तो केस मी चिमटीत धरून काढून टाकला. तो माणूस मात्र रंगात येऊन सांगत होता, की डोंगल टीव्हीला, ब्लूटूथ फोनला आणि टॅबला, आणि डाव्या कानावरचं हे बटण दाबलं की बाहेरचं बोलणंही आत मोठं होऊन ऐकू येतं, म्हणजे आईने जेवायला हाक मारली तर पोरांना कळावं. मी घाईघाईने म्हटलं, हाच द्या, पण सीलबंद खोक्यातला. घरी येऊन कान दोनदा साबणाने धुतले.

आबांना ती वस्तू एका क्षणात पसंत पडली. ज्या माणसाला शेंगदाण्याएवढं मशीन चारचौघांत मिरवायची लाज वाटायची, तो हे काळं धूड डोक्यावर घालून ओट्यावर जाऊन बसला. "लोकांस्नी वाटंल, ग्येम खेळतोय म्हातारा," ते म्हणाले, आणि शेजारच्या मावशींना त्यांनी माइकची दांडी खालीवर करून दाखवली. घरात एकाएकी इतकी शांतता झाली, की कुकरच्या शिट्टीलाही मी दचकायला लागले. फोनवरचा कॅरम, टीव्हीवरची कुस्ती, नातीचा कॉल, सगळं त्या एकाच धुडात. सुखच म्हणायचं. फक्त ते पुसायचं काम माझ्याकडे आलं. गाद्यांवर खोबरेल तेलाचा थर, माइकच्या स्पंजात मिश्रीचे कण. रोज सकाळी नाक मुरडत मी ओल्या फडक्याने तो पुसायचे आणि हात धुवायचे.

सुपारीच्या आदल्या दिवशी संध्याकाळची गोष्ट. आबा खाटेवर, डोक्यावर हेडसेट, समोर आवाज नसलेला टीव्ही. मी चपात्या लाटत होते. कंपनीतून आलेल्या नवऱ्याने पाण्याची बाटली शोधायला फ्रिजमध्ये डोकं घातलं आणि तिथूनच म्हणाला, "ताईला कळवलंय. आबांना गाडी लागते म्हणून सांगितलंय. मुलाकडच्यांनाही तेच सांगायचं."

"इथून लोणावळा ते किती, आणि गाडी लागते?" मी गॅसला म्हटलं.

"मग काय सांगू? भर मांडवात परत टक्कल काढलं त्यांनी तर? तोंडाला कुलूप लावता येतं का कुणाच्या? पाटावर मी बसतो, सुपारी मी फोडतो. आबांना सकाळी निघता निघता सांगू, गाडीत जागा नाही म्हणून. आधी सांगितलं तर रात्रभर डोकं खातील."

मुलाकडच्यांना एक खोटं आणि बापाला दुसरं. दोन्ही इतक्या सहज, बाटली शोधता शोधता. नवऱ्याच्या त्या फ्रिजमधून येणाऱ्या थंड आवाजाची मला किळस आली. आणि त्याहून जास्त माझी, कारण त्यावर मी काय बोलले? मी विचारलं, "मग आबांना डब्यात काय करून ठेवू?"

"मला गाडी लागत न्हाई."

आधी वाटलं, दारात कुणीतरी आलंय. आवाज ओळखीचा नव्हता. खालच्या पट्टीतला, जरासा घोगरा, सावकाश. मी वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं. आबा आमच्याकडे बघत होते. टीव्ही त्यांनी बंद केला होता आणि त्यांचं बोट डाव्या कानावरच्या बटणावर होतं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून आबांना ओरडतानाच ऐकलं होतं. मला वाटायचं, त्यांचा आवाजच तसला आहे. आज स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत होतं, तर ते बोलत होते एखाद्या देवळात बसल्यासारखे, हळू. या आवाजात शेजारच्याला टकलाबद्दल सांगितलं असतं तर तिसऱ्याला पत्ता लागला नसता.

"कवाच लागली न्हाई," ते आणखी हळू म्हणाले.

हातातलं लाटणं कुठे ठेवावं ते मला कळेना. नवऱ्याने फ्रिजचं दार लावलं, खाटेसमोर जाऊन उभा राहिला, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं आबांशी जसं बोलायचो तसाच, मोठा आ वासून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "आबा, तसं नाही! मी काय म्हणत होतो—"

"वरडू नगं," आबा म्हणाले. "ऐकू येतंय."